विझले म्हणजे संपले नव्हे

दोन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी मी एक भित्तिपत्रक काढले होते. काळ्या कार्डशीटवर मधोमध एक भला मोठा जबडा, त्याच्याकडे ओढल्या जाणाऱ्या चांदण्या आणि खाली पांढऱ्या रंगात ठळक वाक्य : 'कृष्णविवर - जे आत गेले ते गेले!' शेजारी कन्नड विभागातील माझ्या मित्राने तेच वाक्य आपल्या वळणदार अक्षरात कन्नडमध्ये लिहिले. आम्हा दोघांना मिळून दुसरे बक्षीस मिळाले. बक्षीस परत करण्याइतका मी थोर नाही. परंतु ते भित्तिपत्रक काढताना माझे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे झाले होते, हे आज कबूल करायला हवे. आम्ही लिहिले ते खोटे नव्हते, अर्धे होते. उरलेले अर्धे मला यंदाच्या फेब्रुवारीत समजले, आणि त्यातूनच या लेखाचा विषय निघाला.

आमच्या वर्गाची सहल नारायणगावजवळच्या खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण पाहायला गेली होती. बेळगावहून पहाटे निघालेली आमची बस पुण्याच्या वाटेवर एका घाटात थोडा वेळ थांबली. भूगोलाचे सर आम्हाला रस्त्यासाठी कापलेल्या कड्यापाशी घेऊन गेले. काळ्या दगडाचा एक थर, वर दुसरा थर आणि त्या दोहोंच्या मध्ये वीतभर रुंदीची विटकरी तांबडी रेघ. "हा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा," सर म्हणाले. "एक लोट आला, थिजला. मग बराच काळ काहीच झाले नाही. त्या काळात ऊनपावसाने वरचा भाग झिजून त्याची माती झाली. ती ही तांबडी रेघ. पुढे दुसरा लोट आला आणि रेघ खाली गाडली गेली. लोक काळ्या दगडाचे फोटो काढतात. पण दोन लोटांच्या मध्ये विसावा होता, हे सांगते कोण? ही रेघ."

त्या वेळी आम्हा मुलांना चहाची घाई झाली होती. संध्याकाळी खोडदहून परत फिरताना मात्र ती तांबडी रेघ माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. कारण त्या दिवशी आम्हाला खोडदला जे कळले, तेही एका अर्थी दोन लोटांमधल्या विसाव्याविषयीच होते.

आता मूळ विषयाकडे वळतो. आपली आकाशगंगा ही अब्जावधी ताऱ्यांची एक वस्ती आहे. अशा असंख्य वस्त्या विश्वात आहेत. त्यांना आपण दीर्घिका म्हणतो. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी एकेक प्रचंड कृष्णविवर असते. काहींचे वस्तुमान सूर्याच्या काही लाख पट, तर काहींचे काही अब्ज पट. कृष्णविवराच्या सीमेच्या आत गेलेले बाहेर येत नाही, हे खरेच आहे. परंतु त्याच्याकडे निघालेला वायू सरळ आत पडत नाही. मोरीच्या तोंडाशी पाणी गोल गोल फिरते तसा तो फिरत राहतो, त्याची तबकडी बनते आणि ती भयंकर तापते. तबकडीबरोबर ओढले गेलेले चुंबकीय क्षेत्र फिरत्या कृष्णविवराभोवती सुंभासारखे पिळले जाते. त्या पिळाच्या जोरावर काही द्रव्य, सीमेच्या बाहेरूनच, दोन विरुद्ध दिशांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने भिरकावले जाते. हेच ते झोत. या झोतांना कृष्णविवराच्या स्वतःभोवती फिरण्यातून ऊर्जा कशी मिळू शकते, याचे गणित ब्लँडफर्ड आणि झ्नायेक या दोघांनी १९७७ साली मांडले.

म्हणजे ज्याला मी जबडा म्हणून रंगवले तो भाताही आहे. नुसते गिळणारा नव्हे, तर फुंकणारा!

असा झोत प्रथम दिसला तो १९१८ साली. अमेरिकेतील लिक वेधशाळेत हेबर कर्टिस यांना कन्या राशीतील एम ८७ या दीर्घिकेच्या गाभ्यातून निघालेली एक सरळ प्रकाशरेषा छायाचित्रात आढळली. ती कशाची, हे सांगणे तेव्हा कोणालाच शक्य नव्हते. पुढे एकशे एक वर्षांनी, एप्रिल २०१९ मध्ये, त्याच दीर्घिकेच्या पोटातील कृष्णविवराची सावली जगाने वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर पाहिली. ते विवर साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आणि सूर्याच्या साडेसहा अब्ज पट वस्तुमानाचे आहे. या दोन घटनांच्या मध्ये १९५३ साल येते. त्या वर्षी इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे जेनिसन यांच्यासोबत काम करणाऱ्या मृणालकुमार दासगुप्ता या बंगाली संशोधकाने दाखवून दिले, की हंस तारकासमूहातील एक प्रखर रेडिओ स्रोत हा एक ठिपका नसून दीर्घिकेच्या दोन बाजूंना पसरलेले दोन ढग आहेत. हे दोन ढग म्हणजे दोन झोतांनी आपल्या टोकांशी साठवलेली ऊर्जा, हा उलगडा पुढच्या दोन दशकांत झाला. आपल्या पाठ्यपुस्तकांत दासगुप्तांचे नाव मला कधी आढळले नाही, म्हणून ते येथे मुद्दाम लिहिले.

झोताला आयुष्य असते, ही गोष्ट मला खोडदला नव्याने कळली. त्याला बालपण असते. काही हजार वर्षांचे, अजून आपल्या दीर्घिकेबाहेरही न पडलेले चिमुकले झोत रेडिओ दुर्बिणींना दिसतात. मोठ्यांच्या मानाने त्यांची संख्या इतकी जास्त आहे, की त्यांतले पुष्कळ बालपणीच विझत असावेत असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. जे जगतात ते काही कोटी वर्षे धगधगत राहतात आणि लाखो प्रकाशवर्षे पसरतात. आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. आणि २०२४ साली जाहीर झालेली 'पोर्फिरिऑन' नावाची झोतांची जोडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षे लांब आहे! ती युरोपातील लोफार या दुर्बिणीने टिपली. पण हे झोत नेमक्या कोणत्या दीर्घिकेतून निघाले, त्या घराचा पत्ता शोधताना खोडदच्या दुर्बिणीचा उपयोग झाला, हे ऐकून आम्हा सर्वांची छाती फुगली.

आणि मग येतो उतार. इंधन संपते, भाता थांबतो. झोत बंद झाला तरी त्याने फुगवलेले ढग लगेच नाहीसे होत नाहीत. त्यांतले वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात घुमत रेडिओ लहरी सोडत राहतात. त्यांतल्या अधिक ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांची शिदोरी आधी संपते. म्हणून ढगाची उच्च कंप्रतेची, म्हणजे आखूड लहरींची चमक आधी मावळते आणि लांब लहरींची मागे राहते. देवळातली घंटा आठवा. टोल दिल्याबरोबर उठणारा खणखणाट क्षणात विरतो, पण घुमणारा खर्ज बराच वेळ कानात राहतो. विझलेल्या झोतांचाही असा खर्ज मागे उरतो. कोणता स्वर किती मावळला हे मोजून तो झोत केव्हा थांबला याचा अंदाज बांधता येतो. हा खर्ज ऐकायला लांब लहरींची दुर्बीण लागते, आणि ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची खोडदची दुर्बीण तशीच आहे. ज्या गोविंद स्वरूप यांनी १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर अर्ध्या किलोमीटरहून लांब रेडिओ दुर्बीण उभी केली होती, त्यांनीच पुढे लोखंडी पत्र्याऐवजी तारांच्या हलक्या जाळीच्या तबकड्या वापरून ही दुर्बीण कमी खर्चात उभारण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली. २०२० साली ते गेले. दुर्बीण अखंड काम करते आहे.

परंतु गोष्ट उतारावर संपत नाही. काही दीर्घिकांत जुन्या, निवलेल्या ढगांच्या आत नव्या, लखलखीत ढगांची जोडी दिसते. विवर पुन्हा पेटले आहे! २०११ साली आनंद होता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीडशे कोटींहून अधिक प्रकाशवर्षे दूर असलेली 'स्पेका' नावाची एक दीर्घिका उजेडात आणली. तिच्यात खोडदच्या दुर्बिणीच्या मदतीने अशा एकाआड एक जोड्या दिसल्या. किमान दोन, बहुधा तीन. लोट, विसावा, लोट, विसावा. घाटातला कडाच जणू आकाशात उभा केलेला!

असे का घडते? याचे उत्तर मला सर्वांत सुंदर वाटते. दीर्घिकांच्या मोठ्या समूहांत सगळीकडे अतितप्त वायू भरलेला असतो. तो निवला की मध्याकडे झिरपतो आणि कृष्णविवराला खाद्य मिळते. खाद्य मिळाले की झोत सुटतो. झोत आसपासच्या वायूत प्रचंड बुडबुडे फुगवतो, त्याला घुसळतो, तापवतो. आणि तापलेला वायू आत यायचा थांबतो. खाद्य तुटते, झोत विझतो. वायू पुन्हा निवू लागतो, आणि चक्र पुन्हा सुरू होते. ययाती समूहात, ज्याला इंग्रजीत पर्सियस म्हणतात, चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने हे बुडबुडे प्रत्यक्ष टिपले आहेत. ताजे बुडबुडे गाभ्याजवळ, जुने झालेले दूर तरंगत गेलेले. त्यांच्याभोवती वायूत लाटाही दिसतात. एका लाटेनंतर दुसरी यायला सुमारे एक कोटी वर्षे लागतात. ही घुसळण नसती, तर तो सारा वायू निवून त्याचे आज दिसतात त्याहून कितीतरी अधिक तारे बनले असते. म्हणजे दीर्घिका किती वाढावी हे ठरवण्यात झोताचा हात आहे, आणि झोताच्या विसाव्याचाही तेवढाच आहे.

येथपर्यंत झाली माहिती. आता माझे मत.

माझे म्हणणे असे, की आपल्याला धगधगते तेवढेच दिसते आणि आपण तेवढ्यालाच इतिहास समजतो. वर्तमानपत्रात कृष्णविवर येते ते गिळताना किंवा भडकताना. आमच्या भित्तिपत्रकात ते तसेच आले. परंतु एखाद्या झोताचे आयुष्य खरोखर समजून घ्यायचे असेल, तर तो किती काळ पेटला याच्याइतकेच तो किती काळ गप्प होता हे कळायला हवे. गप्प काळाचा पुरावा हा नेहमी अंधुक, सहज पुसला जाणारा असतो. कड्यातला काळा दगड कोणालाही दिसतो. तांबडी रेघ कोणीतरी बोट दाखवावे तेव्हा दिसते.

आणि हा अंधुक पुरावा आज आपणच पुसत चाललो आहोत. ज्या लांब लहरींवर विझलेल्या झोतांचा खर्ज ऐकू येतो, त्याच पट्ट्यांच्या आजूबाजूला आपला कोलाहल चालतो. रेडिओची प्रसारणे, मोबाईलचे मनोरे, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, स्वस्तातली विजेची उपकरणे, हे सगळे त्यात आले. आता तर आकाशातूनही गोंगाट येतो. इंटरनेटसाठी सोडलेल्या उपग्रहांच्या यंत्रणेतून नकळत गळणाऱ्या लहरी युरोपातील दुर्बिणीने नोंदवल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. कोटी वर्षांपूर्वी थांबलेल्या झोताचा पुसट आवाज ऐकायचा आणि कानाशी लाऊडस्पीकर लावायचा, असा हा प्रकार आहे. पूर्वी प्रत्येक गावाला गायरान असे. ते कोणा एकाचे नसे, म्हणून सगळ्यांचे असे. आणि कोणा एकाचे नसे, म्हणूनच ते हळूहळू बळकावलेही गेले. लहरींची शांतता हे आकाशाचे गायरान आहे. त्यावर अतिक्रमण करणाऱ्याला आपण अतिक्रमण करतो आहोत हे ठाऊकसुद्धा नसते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. सहलीहून परतताना बसमध्येच तो निघाला. माझा तोच कन्नड विभागातला मित्र म्हणाला, "तुझे झोत कोट्यवधी वर्षे थांबले आहेत, आणखी थोडे थांबतील. नारायणगावच्या माणसाने मात्र रेल्वेसाठी किती थांबायचे?" त्याचा रोख पुणे-नाशिक रेल्वेच्या वादाकडे होता. नारायणगाव भागातून जाणाऱ्या नियोजित मार्गामुळे दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल, असा आक्षेप निघाला आणि मार्ग दुसरीकडून नेण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. त्या भागातले लोक साहजिकच नाराज झाले. टोमॅटो आणि द्राक्षे पिकवणाऱ्या, आपला माल वेळेत शहरात पोचवू पाहणाऱ्या शेतकऱ्याला विझलेल्या झोतांचे काय होय?

मी त्या वेळी निरुत्तर झालो. नंतर पुष्कळ विचार केला, आणि माझे मत असे बनले. शांतता राखलीच पाहिजे. अशी दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही; तिच्या तबकड्या पंचवीस किलोमीटरांच्या परिसरात विखुरल्या आहेत, आणि शांत जागा देशात दिवसेंदिवस कमीच होत आहेत. रेल्वे वळसा घालून जाऊ शकते; आकाशातून येणारी लहर वळसा घालत नाही. परंतु त्या शांततेची किंमत एकट्या खोडद-नारायणगावच्या माणसाने मोजावी, हे मला मुळीच मान्य नाही. ज्ञान सगळ्या देशाचे असेल तर खर्चही सगळ्या देशाचा हवा. त्या भागाला चांगले रस्ते, शीतगृहे, कोलाहल न करणारे उद्योग आणि दुर्बिणीच्या कामात स्थानिक मुलांना जागा हे सगळे उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून मिळाले पाहिजे. आपण तर सीमेवरची माणसे. निर्णय दूर कुठेतरी होतो आणि त्याची झळ आपल्या दारात पोचते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणूनच हे बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे असे मी मानतो.

मोठ्यांना उपदेश करून विद्यार्थ्याची जबाबदारी संपत नाही. ज्या शांततेसाठी कोणीतरी किंमत मोजते आहे, तिचा आपण उपयोग तरी करतो का? खोडदच्या दुर्बिणीने जवळजवळ नव्वद टक्के आकाशाची पाहणी १५० मेगाहर्ट्झवर केली असून तिची चित्रे सर्वांसाठी खुली आहेत. ती पाहायला पदवी लागत नाही. संगणक, चिकाटी आणि दाखवणारा माणूस लागतो. देशातले पुष्कळ विद्यार्थी घरबसल्या अशा चित्रांतून विचित्र आकाराच्या दीर्घिका शोधण्याच्या उपक्रमात भाग घेतात. आपल्या विज्ञान मंडळाने दर शनिवारी एक तास त्यासाठी द्यावा, मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांनी मिळून द्यावा, अशी माझी सूचना आहे. भडकलेले झोत शोधायला मोठमोठे लोक बसले आहेत. आपण मावळलेले शोधू या.

एक शेवटची गोष्ट. आपल्या स्वतःच्या आकाशगंगेच्या मध्यभागीही कृष्णविवर आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४० लाख पट आहे, आणि २०२२ साली त्याचेही चित्र प्रसिद्ध झाले. ते आज अगदी शांत आहे. पण २०१० साली फर्मी या उपग्रहाच्या निरीक्षणांतून आकाशगंगेच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे पसरलेले दोन प्रचंड फुगे सापडले. काही शास्त्रज्ञांच्या मते ते आपल्याच विवराच्या एका जुन्या उद्रेकाचे अवशेष आहेत. काही म्हणतात, ते तेथील ताऱ्यांच्या दाटीने फुगवले. वाद मिटलेला नाही. परंतु उन्हाळ्याच्या रात्री गावाबाहेर माळावर उभे राहून वृश्चिक आणि धनूच्या मधल्या त्या धूसर पट्ट्याकडे पाहताना मला आता जबडा दिसत नाही. राखेखाली झाकून ठेवलेला निखारा दिसतो.

या वर्षीच्या विज्ञान दिनाला मी आणि माझा मित्र नवे भित्तिपत्रक काढणार आहोत. काळ्या कागदावर दोन झोत, त्यांच्या बाहेर दोन निवलेले ढग, आणि आतल्या व बाहेरच्या जोडीमध्ये एक अरुंद तांबडी रेघ. खालचे वाक्य अजून ठरलेले नाही. रेल्वेच्या मुद्द्यावर आमचे अजूनही पटत नाही. म्हणून वाक्य मराठीत एक आणि कन्नडमध्ये दुसरे, असे होण्याचा संभव आहे. तसे झाले तरी हरकत नाही. बक्षीस मिळाले नाही तरीही हरकत नाही.